आखूड पावलं

हीथ लॅफर्टी फूटीच्या, म्हणजे हातांनीही खेळायच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या, मोठ्या लीगमध्ये चौदा हंगाम खेळला आणि तेवढ्या काळात त्याचं नाक एकदाही मोडलं नाही. त्याच्या गावी, ड्युरांबिलमध्ये, लोक ही गोष्ट कौतुकाने सांगत. ब्रेट नोस्केला ती आरोपपत्रासारखी वाटे. मिडफिल्डर म्हणजे मैदानाच्या ऐन मध्यावर वावरणारा माणूस. तिथे सारखी अंगं अंगांवर आदळतात, कोपरं लागतात, गुडघे लागतात. अशा जागी जन्म काढूनही माणसाचं नाक लग्नाच्या फोटोतल्यासारखं सरळ राहिलं, तर ते नशीब नव्हे. त्याला अंग चोरणं म्हणतात.

फूटीवाल्यांचा त्यासाठी आणखी नेमका शब्द आहे: आखूड पावलं. चेंडू समोर उसळतो आहे, पलीकडून दुसरा कोणी अंगावर येतो आहे, अशा वेळी भित्रा माणूस थांबत नाही. थांबला तर सगळ्या मैदानाला दिसेल. तो धावतच राहतो, फक्त पावलं जरा आखूड करतो. अर्धा क्षण उशीर व्हायला तेवढं पुरतं. तोवर आपल्यातलाच कोणीतरी तिथे जाऊन आदळलेला असतो, चेंडू सुटा झालेला असतो, आणि आपण आयत्या बिळावर नागोबा. ड्युरांबिलमध्ये माणसाला दारुडा म्हणा, लबाड म्हणा, तो ऐकून घेईल. आखूड पावलांचा म्हणालात तर त्याचा बापसुद्धा तुमच्याशी पुन्हा बोलणार नाही.

दोघे इथलेच. एकाच वर्षी शहरातल्या एकाच क्लबाने दोघांना उचललं. हीथ मध्यावर, नोस्के बचावात. पहिल्या दोन हंगामांतच टीव्हीवाल्यांनी हीथला ‘रेशीम’ हे नाव दिलं. चेंडू त्याच्या हातात आला की त्याचा खेळ खरंच सुंदर दिसे, हे नोस्केही नाकारत नसे. प्रश्न चेंडू हातात येईपर्यंतचा होता. तो दुसऱ्यांनी आणून द्यायचा. खाली वाकून, मार खाऊन कोणीतरी तो मुठीने बाहेर ढकलायचा. बाहेर मोकळ्या हवेत रेशीम उभंच असायचं. सामना संपला की ताब्यांच्या आकड्यांत त्याचं नाव सगळ्यांत वर. चेंडूला हात लागला की आकडा वाढतो. तो कोणाच्या बरगड्यांच्या भावात मिळाला, हे आकड्यात येत नाही. त्या आकड्यांवर हीथला पदकं मिळाली, जाहिराती मिळाल्या आणि धैर्यावर भाषणं द्यायला शाळांमधून आमंत्रणं मिळाली. भाषणं तो चांगली देई.

नोस्केची मोठी लीग मात्र लवकर संपली. नऊ वर्षांपूर्वी जुलैतल्या एका सामन्यात चेंडू उंच उडाला आणि वाऱ्यावर रेंगाळला. नोस्के मान वर करून, नजर चेंडूवर ठेवून आपल्याच गोलच्या दिशेने धावत सुटला. असं धावताना समोरून कोण येतं आहे ते दिसत नाही. ते बघायचं काम सोबत्याचं. त्याने मध्ये अंग घालायचं असतं. समोरून प्रतिस्पर्ध्यांचा धिप्पाड फॉरवर्ड येत होता आणि वाटेत हीथ होता. नोस्केने त्याला हाक मारली, “हीथ, आड ये!” मग त्याला डोळ्यांच्या कोपऱ्यातून हीथचे मरून रंगाचे मोजे दिसले. ते मोजे वेगात होते आणि एकाएकी त्यांचा वेग गेला. पुढचं त्याला आठवत नाही. फॉरवर्डचा गुडघा खांद्यावर बसला, हाडाचे तुकडे झाले, चेंडू सुटून हीथच्या पुढ्यात पडला. हीथने तो उचलला, मैदानभर पळत नेला आणि गोल मारला. तो त्या आठवड्याचा सर्वोत्तम गोल ठरला. टीव्हीवर तो दाखवताना सुरुवातीचा तुकडा कापत, कारण त्यात एक माणूस पडलेला दिसे.

सोमवारी चुकांची चित्रफीत सगळ्या संघासमोर लावायची असा त्या क्लबाचा रिवाज होता. नोस्के इस्पितळात होता. त्याला नंतर कळलं की त्या सोमवारी प्रशिक्षकाने गोल तेवढा दाखवला आणि टाळ्या वाजवायला सांगितल्या.

हीथने पेपरवाल्यांना सांगितलं की गर्दीच्या गोंगाटात मित्राची हाक ऐकू आली नाही आणि याचं शल्य आयुष्यभर राहील. शल्य त्याला चांगलं मानवलं. नोस्केच्या खांद्यावर तीन शस्त्रक्रिया झाल्या, क्लबाने त्याला मोकळं केलं आणि तो गावी येऊन कापणीयंत्रं दुरुस्त करू लागला. शनिवारी ड्युरांबिलकडून बचावात खेळे. पुढे कप्तान झाला. त्या दिवसाबद्दल तो बायकोखेरीज कोणाशी बोलला नाही. मैदानावरचं मैदानावर ठेवायचं, हे त्याला लहानपणी शिकवलं होतं आणि दुसरं काही शिकायला उशीर झाला होता.

मोठी लीग आटोपून हीथ यंदा शेवटचा हंगाम खेळायला गावी आला. ज्या मातीने मला घडवलं तिचं ऋण, वगैरे. गावाने त्याच्यासाठी वेशीवर फलक लावला. हंगामभर तो सुंदर खेळला, म्हणजे अंगाला चिखल लागू न देता कोरडाठाक राहिला.

ऑगस्टअखेरच्या गुरुवारी सराव संपल्यावर सगळे नेहमीप्रमाणे क्लबाच्या खोलीत श्नित्झेल, म्हणजे मांसाची तळलेली कापं, खायला जमले. क्लबाची अध्यक्ष लिंडल हॅस्लम उभी राहिली. साठीची बाई, आवाज लाऊडस्पीकरची गरज नसलेला. तिने सांगितलं की शनिवारचा बेंजेरीविरुद्धचा सामना हीथचा शेवटचा. निवृत्त होणाऱ्या खेळाडूला दोन सोबत्यांनी खांद्यावर बसवून मैदानाबाहेर न्यायचं, सीमारेषेपर्यंत त्याचे पाय जमिनीला लागू द्यायचे नाहीत, ही इथली जुनी रीत. ते दोघे कोण, हे त्याने स्वतः निवडायचं. त्यामुळे या निवडीकडे लोकांचं फार लक्ष असतं. कोणाच्या खांद्यावरून गेला यावरून माणूस कसा होता ते ठरतं.

हीथने काटा खाली ठेवला. एक नाव जेस्केचं घेतलं. बो जेस्के बाविशीचा, ताडमाड, संघासाठी भिंतीवरही धडक मारील असा पोरगा. तो लाजून लाल झाला. “आणि दुसरा,” हीथ जरा थांबून म्हणाला, “माझा सगळ्यांत जुना दोस्त. नॉस.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. म्हाताऱ्या लोकांचे डोळे पाणावले. नोस्केने ताट उचललं, मोरीत ठेवलं आणि तो बाहेर गाड्यांपाशी गेला. हीथ त्याच्या मागोमाग आला.

“आधी विचारायचं होतंस,” नोस्के म्हणाला.

“विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास.”

“मग?”

“मग काय, नाही विचारलं.” हीथ हसला. त्याचं हसणं टीव्हीवर फार चालत असे. “हे बघ लेका, पुढच्या वर्षी मी टीव्हीवर बसतोय. तज्ज्ञ म्हणून. आणि त्या रेडिओवरच्या गाढवाने ते जुनं प्रकरण उकरून काढलंय. आखूड पावलं म्हणाला मला, हसत हसत. तुझ्या खांद्यावर बसलेला एक फोटो छापून आला की विषय संपला. शहरातून फोटोवाला येतोय.”

“म्हणजे मी तुझा साक्षीदार.”

“दोस्त. शब्द कसले पकडतोस? मला खरंच ऐकू आलं नव्हतं रे. किती वेळा सांगू?”

“मला एकदाही सांगितलं नाहीस. पेपरवाल्यांना सांगितलंस.”

यावर हीथने त्याच्या खांद्यावर थोपटलं, नेमक्या त्याच खांद्यावर, आणि श्नित्झेल गार होईल म्हणून तो आत गेला.

घरी त्याची बायको इलाना स्वयंपाकघरात नेटबॉल खेळणाऱ्या मुलींच्या अंगावर बांधायच्या कापडी पाट्या वाळत घालत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. हीथबद्दल तिचं मत तिने लग्नाच्या आधीच बनवलं होतं आणि ते बदलण्याची तिला कधी गरज पडली नाही.

“खांदा दुखतोय म्हणून सांग,” ती म्हणाली. “सगळं गाव मान्य करील. लिंडलच दुसरा माणूस शोधेल.”

“खांदा दुखत नाहीये.”

“माहितीये मला. म्हणून तर सांगायला सांगतेय.”

 सोपी वाट समोर होती, कोणालाही न दिसणारी. पण त्याने आयुष्यात एक गोष्ट केली नव्हती, आणि ती हीच होती.

“मग ती पावलं माझी आखूड होतील,” तो म्हणाला.

“बरं, मग उचल त्याला आणि विसरून जा.”

“आणि पुढच्या वर्षी टीव्हीवर बसून तो पोरांना मर्दानगी शिकवेल तेव्हा?”

“तेव्हा टीव्ही बंद कर.” तिने शेवटची पाटी दोरीवर टाकली. “तुला त्याच्याकडून नेमकं हवंय तरी काय? माफी?”

नोस्केने विचार केला. माफी नको होती. हीथ माफीही सुंदर मागेल आणि ती मागताना कोणीतरी फोटो काढेल. “ऐकू आलं होतं, एवढं म्हणावं त्याने. मी ओरडलो होतो आणि त्याने ऐकलं होतं. नऊ वर्षं मला वाटतंय की कदाचित आवाज फुटलाच नसेल माझा.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“म्हणजे काहीच नको तुला,” इलाना म्हणाली, “कारण तेवढं तो देणार नाही.”

शनिवारी ऊन फिकट होतं आणि वारा गव्हाच्या कोठारांकडून येत होता. मैदानाभोवती गाड्या तोंडं आत करून उभ्या होत्या. गोल झाला की त्या भोंगे वाजवत. गरम मीट-पाय विकणाऱ्या खिडकीपुढे रांग होती. ड्युरांबिल आणि बेंजेरी दोघेही बाद फेरीच्या शर्यतीतून केव्हाच गेलेले, त्यामुळे सामन्याला काही अर्थ नव्हता. तरी एवढी गर्दी गावाने वर्षभरात पाहिली नव्हती. फोटोवाला सीमारेषेपाशी खुर्ची टाकून बसला होता.

नोस्के मागे बचावात असल्यामुळे त्याला सगळं मैदान दिसे. तीन डावांत त्याने हीथला एकदाही जमिनीवर पडलेलं पाहिलं नाही. चौथ्या, शेवटच्या डावात दोन्ही संघ बरोबरीला आले. मध्यावर चेंडू घसरत आला. एका बाजूने हीथ, समोरून बेंजेरीचा एक दांडगा, मानेला टॅटू असलेला गडी. चेंडूला हीथ जवळ होता. कोणत्याही शाळकरी पोराने सांगितलं असतं. नोस्केने त्याच्या पायांकडे पाहिलं. दुसरीकडे कुठे बघायचं हे त्याला सुचलंच नाही. मोजे वेगात होते. मग वेग गेला. फार नाही, सुताराने रंध्याचा एक हात मारावा तेवढा.

त्या फटीत मागून जेस्के घुसला, डोकं खाली घालून. धडकेचा आवाज गाड्यांपर्यंत गेला. जेस्के नाकावर हात धरून बसला, चेंडू सुटून हीथच्या पुढ्यात आला, त्याने तो अलगद उचलला, अंग वळवून मारला आणि तो दोन उंच खांबांच्या मधोमध गेला. मैदानाभोवतीच्या सगळ्या गाड्या एकदम केकाटल्या. लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. रेशीम, रेशीम. त्या गोलावर ड्युरांबिल जिंकलं.

जेस्केच्या दोन्ही नाकपुड्यांत कापसाचे बोळे घातले होते. जर्सीवर रक्त सांडलेलं. आणि तो आनंदाने वेडा झाला होता. “काय मारला रे हीथने!” तो नोस्केला सांगत होता, बोळ्यांमुळे गेंगाण्या आवाजात. “मी खाली होतो, मला दिसलाच नाही.”

“मला दिसला,” नोस्के म्हणाला.

बेंजेरीच्या खेळाडूंनी दोन रांगा करून वाट दिली. लिंडल सीमारेषेवरून नोस्केजवळ आली आणि तिने हळूच विचारलं की खांदा झेपेल ना, नाहीतर दुसरा कोणी येईल, कोणाला काही वाटणार नाही. तिने चांगल्या मनानेच विचारलं. नोस्केने झेपेल म्हटलं. तो वाकला, जेस्के वाकला आणि हीथ दोघांच्या खांद्यांवर चढला.

तो जड नव्हता. नोस्केला याचंच नवल वाटलं.

टाळ्या वाजत होत्या. हीथने एक हात वर केला होता, दुसरा नोस्केच्या डोक्यावर ठेवला होता, जसा घोड्याच्या ठेवतात. फोटोवाला त्यांच्यापुढे उलटा चालत फोटो काढत होता. नोस्केने मान वर केली नाही. समोर बघूनच त्याने विचारलं. त्याला स्वतःलाच वाटलं होतं की तो विचारणार नाही.

“हीथ. त्या दिवशी मी ओरडलो ते तुला ऐकू आलं होतं?”

वरून लगेच उत्तर आलं. हीथला जे हवं होतं ते मिळून चुकलं होतं आणि एवढ्या उंचीवर माणूस सावध राहत नाही.

“आलं होतं रे. अख्ख्या मैदानाला आलं असेल. आता हस, फोटो काढतायत.”

नोस्के चार पावलं चालला. नऊ वर्षं त्याला वाटत होतं की हे शब्द ऐकले की काहीतरी सुटेल, छातीतलं किंवा खांद्यातलं. तसं काही झालं नाही. त्याचा आवाज फुटला होता, एवढं कळलं. बाकी एक क्षुद्र माणूस त्याच्या मानेवर बसला होता आणि त्याची मांडी घामाने चिकट झाली होती.

सीमारेषा अजून एखाद्या खेळपट्टीइतकी लांब होती. नोस्के थांबला. त्याने जेस्केला सांगितलं, “बो, खाली ठेव याला.” जेस्के गोंधळला, पण कप्तानाने सांगितलं म्हणून वाकला. हीथचे बूट गवताला लागले. त्याच्या चेहऱ्यावर अजून हसूच होतं, पुसायला वेळ मिळाला नव्हता.

“काय करतोयस?” तो ओठ न हलवता म्हणाला. “लोक बघतायत.”

“इथून चालत जा,” नोस्के म्हणाला.

टाळ्या विस्कळीत झाल्या, मग थांबल्या, मग पुन्हा सुरू झाल्या, आता जास्त जोरात आणि जास्त मायेने. लोकांना वाटलं की बिचाऱ्या नोस्केचा खांदा गेला. एक बाई डोळे पुसत होती. हीथला कळायला क्षणभरही लागला नाही. गर्दीचं मन त्याला नेहमीच चेंडूपेक्षा आधी कळे. त्याने नोस्केच्या गळ्यात हात टाकला, त्याला आधार देत असल्यासारखा, आणि तसाच सीमारेषेपर्यंत चालत गेला. त्याचाही फोटो निघाला. पहिल्यापेक्षा तो चांगला आला असणार.

क्लबाच्या खोलीत बिअरच्या बाटल्या उघडल्या, गाणं झालं, खिडक्यांच्या काचा वाफेने धूसर झाल्या. जिंकल्यावर कप्तानाने दोन शब्द बोलायचे असतात. लिंडलने नोस्केला पुढे बोलावलं आणि आधी स्वतःच सगळ्यांना सांगितलं की आज आपण दोन खेळाडूंचं काळीज पाहिलं. एकाचा खांदा दगा देत होता तरी त्याने दोस्ताला शक्य होतं तेवढं नेलं. लोकांनी टेबलं बडवली. हीथ बारपाशी उभा राहून मान डोलावत होता. सोपी वाट पुन्हा एकदा समोर उघडली होती आणि या वेळी तिच्या दोन्ही बाजूंनी लोक टाळ्या वाजवत होते.

“खांदा ठणठणीत आहे,” नोस्के म्हणाला.

त्याचा आवाज मोठा नव्हता, पण खोली ऐकायला तयार होती.

“हीथला मी मुद्दाम खाली ठेवला. नऊ वर्षांपूर्वी मी त्याला हाक मारली होती. त्याने ती ऐकली होती आणि पावलं आखूड केली होती. आज त्याने स्वतः सांगितलं, माझ्या खांद्यावर बसून. आजही चौथ्या डावात त्याने तेच केलं. सगळ्यांनी पाहिलंय ते आणि सगळ्यांनी भोंगे वाजवलेत. झालं.”

 फ्रीजचा आवाज ऐकू येऊ लागला. ड्युरांबिलमध्ये हा शब्द तोंडावर उच्चारलेला म्हाताऱ्यांनाही आठवत नव्हता. 

मग हीथ हसला. मोठ्याने, मान मागे टाकून, टीव्हीवर हसत असे तसा. “ऐका, ऐका,” तो ग्लास उंचावून म्हणाला, “मला आयुष्यभर उचललं आणि आता म्हणतो जड झालास. बिअर द्या रे या म्हाताऱ्याला.”

आणि खोली हसली. आधी बारपाशी, मग टेबलांवर, मग मागच्या भिंतीपर्यंत. हसताना लोकांच्या चेहऱ्यावर सुटका दिसत होती. हीथ त्यांना मोकळ्या हवेत उभा सापडला होता आणि त्यांनी चेंडू त्याच्या हातात दिला होता. कोणीतरी नोस्केच्या पाठीवर थाप मारली, कोणीतरी त्याच्या हातात ग्लास कोंबला; काय टोमणा मारलास, कप्तान, असं म्हणाला. नोस्केने ग्लास बारवर ठेवला. गावासाठी त्याच्या मनात थोडीफार जागा राखून ठेवलेली होती. ती त्याने आता मोकळी केली.

दारापाशी त्याने वळून पाहिलं. हीथ कुठला तरी किस्सा सांगू लागला होता आणि लोक त्याच्याभोवती दाटले होते. त्यांच्यात एक डोकं सगळ्यांच्या वर दिसत होतं. बो जेस्के हसत नव्हता. त्याने एका नाकपुडीतला लाल झालेला कापूस काढून बोटांत धरला होता आणि तो हीथच्या तोंडाकडे नव्हे, खाली त्याच्या पायांकडे बघत होता.